उणे एकशे शहाण्णव

इन्क्युबेटरच्या दारावर एक कागद आहे,
कडा पिवळ्या पडलेला:
दार आपटू नये. आत जित्राब हाय.
अक्षर रसूलमामांचं.
प्रयोगशाळा परिचर, वर्ग चार,
बावीस वर्षं पिपेटी धुऊन
बोटांची कातडी मनुक्यासारखी.

जित्राब म्हणजे चंद्री.
मामांच्या भावकीतल्या एकाची म्हैस,
संध्याकाळी गंगावेशीत कट्ट्याशी उभी राहायची,
लोक पेला धरून, तिची धार थेट पेल्यात.
तिच्या कानाचा मसुराएवढा तुकडा
मामांनीच आणला, बर्फाच्या डब्यात,
आणि मालकाची अट: म्हशीचं नाव बदलायचं न्हाई.
हेर्लेकर मॅडमनी नोंदवहीत लिहिलं, के. बी. सात.
आम्ही मार्करनं झाकणावर लिहीत राहिलो
चंद्री, चंद्री, चंद्री.

ती मेली तेव्हा तिचा अकरावा पासेज चालू होता.
"त्याला सांगू नका," मामा म्हणाले,
"की ती हितं अजून वाढतीया.
खुळा उद्या दूध मागंल."

त्या ऑगस्टात शिरोलीपाशी हायवे पाण्याखाली गेला
आणि गॅसचा सिलिंडर पलीकडच्या काठाला राहिला.
आम्ही टेकडीवर कोरडे.
खाली शाहूपुरीत माणसं खिडकीतून होडीत उतरत होती.
शहराचे नळ बंद. विभागात पाणी एकच, डिस्टिल्ड.
त्याचा चहा करून सन्मती म्हणाला,
"हे पाणी न्हवं भावा, पाण्याची झेरॉक्स."
ऑटोक्लेव्हमध्ये छावणीतल्या तान्ह्यांच्या बाटल्या.
फळ्यावर दोन याद्या: कुणाचा प्रयोग बुडाला,
कुणाचं घर.
इंद्रायणीचं नाव दोन्हींत होतं.
ती बाटल्या मोजत होती.

तिसऱ्या दिवशी माध्यमाचा रंग सुटला,
लालसर होतं ते जांभळं.
मला वाटलं, चार वर्षं. चार वर्षं गेली.
असं वाटल्याची लाजही वाटली,
कारण खिडकीतून छावणीचा धूर दिसत होता.

आमचा नायट्रोजनचा डबाही कधीचा रिकामा.
मामांनी फोन लावला उजळाईवाडीला,
जनावरांच्या डॉक्टरला.
त्यांच्या कॅनमध्ये वळूंच्या बियाण्याच्या कांड्या.
पलीकडून हसणं ऐकू आलं.
"वळवांच्या शेजारी म्हस ठेवायची?
माझी काय हरकत न्हाई.
तुमच्या चंद्रीला इचारा."

स्कूटरवर मी, मागं मामा,
मांडीवर थर्मास, थर्मासात बारा कुप्या.
गोठ्यात म्हशी रवंथ करत होत्या.
कॅनचं झाकण निघालं, थंड वाफ
आमच्या पावलांवर सांडली.
मामांनी कुप्या दोऱ्याला बांधल्या
आणि वीतभर सोडल्या. थांबले.
परत वीतभर.
आडात कळशी सोडताना
काठाला लागू नये म्हणून जपतात, तसे.
कुठल्या पुस्तकात वाचलं, मी विचारलं नाही.
हातांना लसणासारखा वास येत होता.
"एकदम गार पान्यात ढकलली
तर कुणीबी मरतंय," ते म्हणाले.

पाणी ओसरलं. चिखल ओसरायला दिवाळी आली.
बारातल्या पाच कुप्या जागल्या.
पहिल्या रात्री सगळे गोल, तरंगते,
कोण जिवंत कळेना.
पहाटे सूक्ष्मदर्शकाखाली एकीनं पाय टेकला होता.
एक लांबट सावली,
काचेला धरून.
मी मामांना बोलावलं. त्यांनी चष्मा काढून पाहिलं,
बराच वेळ. मग म्हणाले,
"कान हाय व्हय ह्यो?"

शोधनिबंधात त्या सगळ्याचं एक वाक्य झालं:
पेशी प्रमाणित पद्धतीनं गोठवून साठवल्या.
परीक्षकानं समासात विचारलंय,
प्रमाणित म्हणजे नेमकी कोणती?
तापमान घटण्याचा वेग द्यावा.

तीन दिवस झाले, उत्तर लिहितोय.
दर मिनिटाला किती अंश.
एक वीत म्हणजे किती.
उद्या फूटपट्टी घेऊन
मामांचा हात मोजणार आहे.